चैतालीचे दोन कोळी

माझी सून चैताली झुरळ दिसलं तर चपलेने मारते, पण कोळ्याला हात लावू देत नाही. छताच्या कोपऱ्यात जळमट दिसलं की केरसुणी उचलायच्या आधी तिला हाक मारायची, असा आमच्या घरचा नियम. ती स्टुलावर चढणार, चष्मा कपाळावर सारून बघणार आणि "हा नेहमीचाच आहे, झाडा" म्हणणार. नेहमीचा नसला तर तो काडेपेटीत जाऊन बसतो. मग काड्या वाटीत, कोळी कपाटात आणि मी गॅसपाशी काडेपेटी शोधत उभी.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत बाकीच्यांच्या सुना बँकेत आहेत, कंपनीत आहेत, एकीची तर जर्मनीत आहे. "तुमच्या सूनबाई काय करतात?" असं कोणी विचारलं की मी बरीच वर्षं "कॉलेजात शिकवते" एवढंच सांगत आले. रविवारी जंगलात जाऊन झाडं बडवते, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

पण ती खरंच झाडं बडवते. फांदीखाली छत्री उलटी धरायची आणि वरून काठीने फांदीला हलके टोले द्यायचे. पानांत लपून बसलेलं जे काय असेल ते छत्रीत पडतं. छत्री धरायला वेल्ह्याच्या पुढच्या डोंगरातल्या वाडीचा भैरू असायचा. तिशी उलटलेला, उंच, कमी बोलणारा गडी. एकदा तो घरी जेवायला आला होता तेव्हा मी त्याला विचारलं, "तुला या कामाचं हसू नाही येत?" तर म्हणाला, "सुरवातीला यायचं. आता गावातली लोकं मला हसत्यात, मग मला वेळच मिळत न्हाय."

चैताली मूळची पुण्याजवळच्या मांजरीची. तिचे वडील तिथल्या ऊस संशोधनाच्या शेतावर नोकरीला होते. उसाच्या प्रत्येक सरीला जातीच्या नावाची पाटी लावायची, हे त्यांचं काम. लहानपणी ही त्यांच्यामागे पाट्यांचा गठ्ठा घेऊन हिंडायची. चुकीच्या सरीत पाटी खोचली गेली की ते ओरडायचे नाहीत, मारायचे नाहीत, फक्त म्हणायचे, "आता हा ऊस कितीही गोड निघाला तरी बैलाच्याच उपयोगाचा." ही गोष्ट ती मला इतक्या वेळा सांगून बसली आहे की त्या गृहस्थांना मी दोन-चारदाच भेटले असले तरी मला त्यांची भीती वाटते.

लग्न, मूल, नोकरी, माझ्या यजमानांचं आजारपण, हे सगळं उरकून चाळिशीत तिने कोळ्यांचा अभ्यास धरला. उड्या मारणारे कोळी, आणि त्यातही मुंगीचं सोंग घेणारे. एकदा तिने मला भिंगातून दाखवलं.

"हे काय आहे सांगा, आई."

"मुंगी."

"पाय मोजा."

मोजले तर आठ. मुंगीला सहा असतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. जन्मभर साखरेतून मुंग्या वेचल्या, पण पाय मोजायची वेळ आली नव्हती. हा कोळी जाळं विणत नाही, उडी मारून भक्ष्य धरतो. कंबर मुंगीसारखी बारीक, चाल मुंगीसारखी तुरुतुरु, आणि पुढचे दोन पाय उचलून मुंगीच्या मिशांसारखे हलवत राहतो. मुंगी चावते, आंबट लागते, म्हणून पाखरं तिच्या वाटेला जात नाहीत. हा तिचं सोंग घेऊन बिनघोर हिंडतो.

"म्हणजे गाडीवर 'पोलीस' लिहून फिरतात तसं," मी म्हणाले. चैताली हसली आणि कॉलेजातही हेच उदाहरण देऊ लागली.

घाटातल्या त्या जंगलात तिला असे दोन सापडले, कुठल्याच पुस्तकात नसलेले. एक काळाकुट्ट. त्याचा जबडा तोंडापुढे इतका लांब आलेला की मुंगी दातात काही धरून चालली आहे असंच वाटावं. दुसरी विटकरी रंगाची, नाजूक, जबडा नसल्यासारखाच. काळे मिळाले ते काळ्या मुंग्यांच्या झाडांवर आणि ते सगळे नर. विटकरी मिळाल्या त्या तांबड्या मुंग्यांच्या झाडांवर आणि त्या सगळ्या माद्या. चैतालीने खूप दिवस सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले. कोळ्याची जात ओळखायची खूण म्हणजे त्याचे जोडीदाराशी संग करायचे अवयव. ती हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगते, लाजायचं काम माझ्याकडे. आता नराची खूण एकीकडे, मादीची भलतीकडे, त्यामुळे दोन्ही एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. शेवटी तिने ठरवलं की हे दोन वेगळे. काळ्याची मादी आणि विटकरीचा नर पुढे कधीतरी सापडतील, असं तिने लेखात लिहिलंसुद्धा.

नवा जीव सापडला की नाव द्यायचा हक्क शोधणाऱ्याचा. काळ्याला तिने भैरूचं नाव दिलं. त्याच्या आदल्या पावसाळ्यात घाटाच्या वळणावर भैरूची मोटारसायकल घसरली आणि तो गेला होता. तिने त्याच्या आईला, बायडाबाईंना, त्या काळ्या कोळ्याचा मोठा फोटो चौकटीत घालून नेऊन दिला. खाली भैरूचं नाव लिहिलेलं.

दुसरीसाठीचं नाव तिने माझ्याकडून कधी काढून घेतलं, ते मला नंतर कळलं. आम्ही मटार सोलत होतो.

"आई, तुमचं माहेरचं नाव काय हो?"

"बकुळा."

"मग बदललं का?"

आता याला काय उत्तर? बोहल्यावरून उतरल्यावर ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. थोरल्या जाऊबाई मालती, म्हणून सासूबाईंनी मला सुमती ठरवलं. जोडीची भांडी घेतात तसं. माझे यजमान मार्केट यार्डात तोलाईच्या कामावर होते. आयुष्यात त्यांनी काही लिहिलं असेल तर ते ते नाव आणि पोत्यांवरची वजनं. नंतर त्या तांदळाचा भात झाला असणार, टाकून तर कोणी देत नाही. मला बकुळा म्हणणारं शेवटचं माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ. तो गेल्यावर ते नाव ऐकलं नव्हतं.

हे मी तिला हसत हसत सांगितलं. तिने मटाराची एक शेंग बराच वेळ हातात धरली. आणि मग छापून आलेला लेख पुढ्यात ठेवला तेव्हा त्या विटकरी कोळिणीच्या शेजारी, इंग्रजी अक्षरांत, मी.

तिसरीपर्यंत शिकलेल्या बाईला डोक्यावर बसवायचं तर आमच्या सोसायटीने बसवावं. सेक्रेटरी शर्मिलाबाईंनी वार्षिक कार्यक्रमात माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, आणि लिफ्टशेजारी एक मोठा फ्लेक्स. त्यावर डावीकडे माझा चेहरा, उजवीकडे कोळिणीचा, दोन्ही सारख्याच आकाराचे. मुलं मला कोळीआजी म्हणू लागली. कामवाली मावशी म्हणाली, "आजी, तिचा फोटो तुमच्यापेक्षा चांगला आलाय." मी वरवर "कशाला हे सगळं" म्हणत होते. पण लिफ्ट यायला वेळ लागला तर मला त्याचं वाईट वाटेनासं झालं होतं.

पुढच्या हंगामात चैतालीने जंगलातून एक जिवंत विटकरी मादी आणली, पानाला रेशमाचं घर करून त्यात अंडी घालून बसलेली. पारदर्शक डबा, झाकणाला भोकं, आत पान. तो डबा बाल्कनीत तुळशीच्या कुंडीमागे. पिल्लांना खायला बारीक माशा लागतात, म्हणून पिकून काळी पडलेली केळी बरणीत घालून ती माशाही वाढवू लागली. लोक माशा घालवायला फवारा मारतात, आमच्याकडे त्यांना पोसत होते. केदार, माझा मुलगा, म्हणाला, "आई, तू काही बोलू नकोस. हिच्या माहेरी ऊस होता, नशीब इथे केळ्यांवरच भागलंय."

पिल्लं मोठी झाली, कात टाकत गेली. सगळी विटकरी. मग एका सकाळी चैताली कॉलेजला जायच्या आधी बाल्कनीत गेली ती बाहेर येईना. मी चहा घेऊन गेले तर ती डब्यापुढे उकिडवी बसली होती. मी वाकून पाहिलं. आत विटकरी होत्याच, पण त्यांच्यात काळेही होते, तो लांब जबडा बाहेर काढून पान तपासत फिरणारे.

"अगं, भैरूची आणि बकुळेची मंडळी एकाच डब्यात कशाला ठेवलीस? भांडतील ना."

तिने वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला. म्हणाली, "मी नाही ठेवले, आई. एकाच आईची पोरं आहेत ती."

आणि डब्यावर ओढणी टाकली.

तेवढ्यावरून मला एवढं कळलं की काळा नर आणि विटकरी मादी ही दोन नाहीत, एकाच जातीचे नवरा-बायको आहेत, आणि तिने त्यांना परकं ठरवून दोन नावं देऊन छापलं आहे. यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय, हे मात्र कळलं नव्हतं. ते तिला बघून कळत गेलं. ती ओट्यापाशी उगाचच भराभर हात हलवत राहायची. डबे पुसायची, पुसलेले पुन्हा पुसायची. कॉलेजातून फोन आला की खोलीत जाऊन दार लावायची. लिफ्टने जाणं तिने सोडलं, जिन्याने उतरू लागली, फ्लेक्स दिसायला नको म्हणून. माझ्या चहात रोजच्यापेक्षा जास्त आलं पडू लागलं. सून अशी अकारण चांगली वागू लागली की सासूने बसवून विचारावं. पण माझाही धीर होईना, कारण मला उत्तर अर्धं ठाऊक होतं.

शेवटी केदारनेच जेवताना विषय काढला.

"किती दिवस असं चालणार? झाली असेल चूक. कोणाला कळणार आहे? जगात मुंगीसारख्या कोळ्याचा अभ्यास करणारी माणसं असतील किती?"

"थोडीच आहेत," चैताली म्हणाली. "सगळी मला ओळखतात."

"त्यांनाही नाही कळलं ना? छापायच्या आधी तपासलंच होतं की त्यांनी."

"तपासलं त्यांनी. पण पाटी मी खोचली."

केदारने भात कालवायला घेतला. सासऱ्यांची गोष्ट त्यालाही पाठ आहे.

मग ती माझ्याकडे वळली, पण बघत होती आमटीच्या वाटीकडे. "आई, दुरुस्तीचा लेख मलाच लिहायला हवा. आणि मग दोनांतलं एक नाव बुडणार. एका जातीला दोन नावं नाही राहत. दोन्ही एकाच दिवशी, एकाच लेखात छापली होती, त्यामुळे आधीचं कुठलं हा प्रश्न नाही. अशा वेळी जो पहिल्यांदा दुरुस्ती करतो त्याने निवडायचं. तो त्यांचा कायदाच आहे."

"म्हणजे तू."

"म्हणजे मी."

"मग माझं बुडव," मी म्हणाले. "माझ्या नावाला सवय आहे."

मला वाटलं ती हसेल. तिने ताट सारलं. "हे असलं नका बोलू, आई. तुम्ही मोठ्या मनाच्या होता आणि मी आणखी लहान होते. एकदा तांदळात पुसलं तुमचं नाव. आता मी पुसायचं? सुनेने?"

"मग भैरूचं पुसशील?"

ती उठून हात धुवायला गेली, आणि बराच वेळ नळ वाहत राहिला.

दोन रविवार असेच गेले. तिसऱ्या रविवारी तिने ठरवलं की बायडाबाईंना आधी खरं सांगायचं, मग निवडायचं. मला म्हणाली, "येता का? एकटीने नाही होणार." बायडाबाई भैरू गेल्यापासून मांजरीला मुलीकडे राहतात. जावई तिथल्या नव्या इमारतींवर वॉचमन आहे. मी स्कूटरवर मागे बसले. कोथरूडहून मांजरी म्हणजे पुण्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, सगळा रस्ता मी चैतालीच्या खांद्याला धरून. आणि खरं लिहायचं तर त्या सगळ्या रस्त्यात माझ्या मनात एक गोष्ट घुटमळत होती. भैरूची आई म्हणेल, "राहू द्या बाई, त्याचं नाव काढा, तुमचंच ठेवा." अडाणी, डोंगरातली बाई, तिला कोळ्याचं काय कौतुक असणार, असं मी मनाशी म्हणत होते. तोंडाने मात्र रस्त्यावरचे खड्डे मोजत होते.

पत्र्याची खोली, मागे ऊस, समोर सिमेंटचे उंच खांब. बायडाबाई माझ्याच वयाच्या, पण अंगाने काडी.

"या की बया. खाली नगा बसू, मॅडम, त्या खुर्चीवर बसा. या कोण, सासूबाई व्हय? बसा, बसा."

भिंतीवर देवांच्या शेजारी ती चौकट होती. काचेवर, काळ्या कोळ्याच्या कपाळाच्या जागी, कुंकू. खाली एक फूल, त्याच दिवशीचं.

"ह्यो बगा माजा भैरू," बायडाबाई म्हणाल्या. "पोरीच्या सासूला वाटतं मला खूळ लागलंय. किड्याला कुकू लावती म्हणं. मी म्हणलं, किडा काय, त्याचं नाव हाय त्याच्यावर. लांबलांबच्या पुस्तकात हाय. व्हय ना मॅडम?"

चैतालीने मान हलवली. हो म्हणाली की नाही, ते मलाही कळलं नाही.

"लगीन तेवढं ऱ्हायलं बगा त्याचं. दोन स्थळं आली व्हती. एकीला डोंगर नगं, दुसरी त्यालाच नगं. त्याला म्हणलं, छत्री धरून हिंडतोस, पोरगी कोण दील तुला?" त्या हसल्या. मग पदराने काच पुसली, कुंकू सोडून बाकीची.

चैताली खुर्चीच्या कडेवर बसली होती. तोंड उघडायची, मिटायची. मी तिला डोळ्याने खुणावलंसुद्धा नाही. येताना मनात जे घुटमळत होतं त्याची मला आता लाज वाटत होती. आम्ही चहा प्यायलो. उसाच्या भावाचं बोलणं झालं. निघताना बायडाबाईंनी काकवीची बाटली चैतालीच्या हातात दिली. "आमच्या ह्यांच्या भावाच्या गुऱ्हाळातली. भैरूला लई आवडायची. तुमी त्याचं नाव ठिवलंत, मी काय देनार?"

परत येताना हडपसरच्या सिग्नलला चैतालीने मान अर्धी वळवली.

"आई, मी भैरूचं ठेवते."

"ठेव."

"तुम्ही काहीच नाही म्हणत."

"हेल्मेटातून ऐकू येत नाही," मी म्हणाले. तिचा खांदा मी धरलेला होता, तो हलत होता. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला तेव्हा कळलं की सिग्नल केव्हाच सुटला होता.

काकवीची बाटली ओट्याच्या कोपऱ्यात बसली. केदारने एकदा पोळीबरोबर घ्यायला उचलली तर चैतालीने ती त्याच्या हातातून काढून परत जागेवर ठेवली. तो माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, "गूळ घे."

दुरुस्तीचा लेख तिने पाठवला. त्यात आडपडदा ठेवला नाही, अमुक ठिकाणी माझ्याकडून चूक झाली असं सरळ लिहिलं. आणि ते छापून यायच्या आधी सोसायटीच्या मीटिंगमध्ये स्वतः उभी राहिली. पार्किंगचा विषय संपायची वाट बघत ती मागे बसून होती. मी पहिल्या रांगेत, सत्काराची शाल पांघरून, कारण हॉलमध्ये गारठा होता आणि दुसरी शाल सापडत नव्हती. ती हातात हात गुंतवून म्हणाली, "खाली जो फ्लेक्स आहे तो काढावा अशी विनंती आहे. ती वेगळी प्रजाती नाही. माझी चूक झाली होती. आईंचं नाव त्या कोळ्याला आता लागू नाही."

माझ्या मानेवर लोकांच्या नजरा मला जाणवत होत्या.

"म्हणजे नक्की काय?" शर्मिलाबाई म्हणाल्या. "आपण सत्कार केला त्याचं काय? शाल परत घ्यायची असते का अशा वेळी?"

दोघे-तिघे हसले. चैतालीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"शाल धुऊन आली की देते," मी म्हणाले. "नारळ मात्र खाल्ला आम्ही."

यावर सगळेच हसले, तेवढ्यात चैतालीला खाली बसता आलं. पण घरी जाताना जिन्यात ती माझ्या मागून चालत होती, पुढे आली नाही. दुसऱ्या दिवशी वॉचमन शिडी लावून फ्लेक्स काढताना मी मुद्दाम लिफ्टची वाट बघत उभी राहिले. त्याने गुंडाळून विचारलं, "आजी, हे काय करू?" मी म्हटलं, "पावसाळ्यात तुझ्या सायकलीवर घाल. माझा चेहरा आतल्या बाजूला ठेव."

लेख छापून आला. त्यात नवा फोटो होता, काळा आणि विटकरी एकाच पानावर, समोरासमोर. वर भैरूचं नाव. त्याखाली बारीक अक्षरांत जुनी नावं देतात म्हणे, त्यात बकुळा. चैतालीने ते मला बोट ठेवून दाखवलं आणि लगेच बोट काढून घेतलं.

तो फोटो तिने चौकटीत घातला आणि आम्ही पुन्हा मांजरीला गेलो. याही वेळी न सांगताच परत येऊ की काय, अशी मला धास्ती होती. चैताली बायडाबाईंच्या हातात चौकट देऊन उभी राहिली होती आणि शब्द फुटत नव्हता. तेवढ्यात बायडाबाईंनीच विचारलं, "काकवी संपली का? नवी हाय, देते."

आता कोणीही हो म्हणालं असतं. चैतालीला ते जमत नाही.

"उघडली नाही, मावशी."

"का गं? ग्वाड न्हाय लागली?"

"उघडायचं मन झालं नाही." आणि मग बांध फुटल्यासारखं तिने सगळं सांगून टाकलं, खाली जमिनीकडे बघत. चूक झाली, मावशी. मी हे दोन वेगळे समजले, दोन नावं दिली, छापलं, तुम्हाला फोटो दिला, मागच्या खेपेला सांगायला आले आणि सांगितलं नाही. हे दोन वेगळे नव्हतेच. हा नर आणि ही त्याचीच मादी.

बायडाबाईंनी चौकट उजेडाकडे धरली. बघत राहिल्या.

"ही ह्याची बायकू?"

"हो."

"मग चूक कसली त्यात? लगनाआधी दोन येगळीच असत्यात की."

चैतालीने मान वर केली नाही. त्या मात्र फोटोत गुंगल्या होत्या. "गोरी हाय. डोंगर नगं म्हणाली न्हाय म्हणायची ही." मग एकदम, "नवरीचं नाव काय व्हतं?"

मी बसल्या जागेवरून म्हणाले, "बकुळा."

"अन आता?"

"आता भैरूचंच."

"बदाललं व्हय," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. जुन्या बायकांना यात विचारण्यासारखं काही नसतं. त्यांनी पहिली चौकट काढून मुलीकडे दिली, नवी खिळ्याला लावली, दोघांना कुंकू लावलं. आत गेल्या, तांदळाच्या डब्याचं झाकण वाजलं. मूठभर तांदूळ आणून त्यांनी आधी स्वतः घेतले, मग माझ्या हातावर ठेवले, मग चैतालीच्या. चैतालीचा हात पुढे येईना. बायडाबाईंनी तिचं मनगट धरून मूठ उघडली आणि तांदूळ घातले.

"टाका," त्या म्हणाल्या.

आम्ही तिघींनी टाकले. काचेवर तांदळाचा बारीक आवाज झाला.

घरी आल्यावर पदर झटकला तर निरीत एक दाणा अडकून आला होता. तो मी तांदळाच्या डब्यात टाकला आणि कुकर लावायला घेतला.